नुसती बघायला उघडली होती

सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल फाइल वनड्राइव्हवर आहे आणि कमिटीत असल्यामुळे तुम्हाला एडिटचा हक्कही आहे. आता पुढचं सोपं आहे.

वर डाव्या कोपऱ्यात ऑटोसेव्ह चालू असेल, तो तसाच राहू द्या. दर काही सेकंदांनी तो तुमचं कर्तृत्व जपून ठेवतो आणि बंद करताना ‘सेव्ह करू का?’ असला आगाऊपणा करत नाही.

कॉपी काढू नका. कॉपी भित्रे लोक काढतात.

मोठे थकबाकीदार वर दिसावेत म्हणून तेवढाच रकाना निवडून सॉर्ट मारा. शेजारचे रकाने सोबत घ्यायचे का, असं एक्सेल विचारेल. नको म्हणा, शेजाऱ्यांशी आपल्याला काय करायचंय! नावं जागच्या जागी राहतात, आकडे तेवढे घरं बदलतात. ३०४ च्या बंद फ्लॅटची थकबाकी १०१ मधल्या काकूंच्या नावावर, ज्यांचा चेक पाच तारखेच्या आत येतो. मग नोटिसांचा मॅक्रो, म्हणजे एका बटणावर सगळं काम उरकणारा छोटा प्रोग्राम, चालवा. बटण दिसलं की दाबायचंच असतं. २००७ साली एक्सेलने अनडू, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय, १६ पायऱ्यांवरून १०० वर नेलं, पण मॅक्रोने शीटवर काही लिहिलं की ती सगळी यादी पुसली जाते. कंट्रोल-झेड दाबा नाहीतर देव पाण्यात ठेवा. काकू नोटीस घेऊन खजिनदाराच्या, म्हणजे माझ्या दारात. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात! आणि साहेब, तुम्ही ग्रुपवर लिहिता, ‘मी काहीच केलं नाही, नुसती बघायला उघडली होती.’

अनडू शिल्लक असेलच, तर आणखी दोन फाइली उघड्या ठेवून दाबत सुटा. यादी सगळ्यांची मिळून एकच असते, घरखर्चाच्या फाइलीतलंही उडेल.

अहो, बघायचं होतं तर सॉर्टला हात कशाला लावलात? लावलात तर लावलात, तेव्हाच एक फोन करायचा होता. फाइल, इन्फो, व्हर्जन हिस्टरी, आदली आवृत्ती परत, विषय संपला असता. तुम्ही आठवडाभर गप्प बसलात. आता जुनी आवृत्ती आणली की त्यानंतर भरलेली प्रत्येक नोंद जाते. ते चेक बँकेच्या स्टेटमेंटवरून पुन्हा कोण भरणार, तुम्ही? काकूंची माफी कोण मागणार?

एडिटचा हक्क काढून घेतलाय. बघायला पीडीएफ मिळेल.