जेलीफिशची बातमी हसण्यावारी नेऊ नका

ऑगस्ट 2025 मध्ये फ्रान्समधल्या ग्राव्हलीन अणुवीज केंद्राच्या चार अणुभट्ट्या जेलीफिशमुळे थांबल्या, तेव्हा आपल्याकडे ती बातमी गंमत म्हणून फिरली. मला तिच्यात गंमत दिसली नाही. ग्राव्हलीन चालवणारी ईडीएफ हीच कंपनी जैतापूरला सहा अणुभट्ट्या देऊ करते आहे.

10 ऑगस्टच्या रात्री तीन भट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि काही तासांनी चौथी. उरलेल्या दोन आधीच देखभालीसाठी बंद होत्या. म्हणजे सहाच्या सहा ठप्प.

केंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेताना आधी गजांच्या जाळ्या लागतात, मग फिरत्या पिंपासारखी अजस्र गाळणी. कचरा, शेवाळ तिथे अडकतं आणि फवाऱ्याने धुऊन निघतं. जेलीफिश तशी सुटत नाही. तिचं लिबलिबीत अंग पाण्याच्या दाबाने जाळीला चिकटतं, फुटतं आणि त्याचा लगदा भोकाभोकांत बसतो. थवा मोठा असला की गाळणी तुंबते, पंप थांबतात, कंडेन्सरला (टर्बाइनमधली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राला) पाणी मिळत नाही आणि भट्टी बंद करावी लागते.

इथवर सुरक्षेला धोका नव्हता, हे ईडीएफचं म्हणणं मला मान्य आहे. पण भट्टी बंद केली म्हणजे उष्णता संपली असं होत नाही. बंद केल्याक्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उरते, काही तासांनी एक टक्क्याच्या आसपास. जैतापूरसाठी ठरलेल्या ईपीआर भट्टीची औष्णिक क्षमता साडेचार हजार मेगावॉटच्या घरात आहे, त्यामुळे तो एक टक्काही 45 मेगावॉट होतो. ही उष्णता काढत राहावीच लागते, आणि त्यालाही पाणीच लागतं. डिसेंबर 2009 मध्ये फ्रान्समधल्याच क्रुआस केंद्रात रोन नदीतून वाहत आलेल्या पाणवनस्पतींनी चौथ्या भट्टीचं नेमकं हेच पाणी तोडलं. अणुघटनांची तीव्रता मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत ती घटना दुसऱ्या पातळीची ठरली.

अणुसुरक्षेचा पायाच असा की एक यंत्र बिघडलं तर दुसरं तयार असावं. थवा मात्र सगळ्या पंपांच्या तोंडाशी एकदमच येतो. एकाच किनाऱ्यावर सहा भट्ट्या उभ्या करताना मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आपल्याला याचा अनुभव नाही असंही नाही. तामिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्राला समुद्रतळाखालच्या 468 मीटर लांब बोगद्यातून पाणी येतं आणि त्यात हिरव्या शिंपल्यांचे थर वाढतात. त्यांच्या अळ्या इतक्या बारीक असतात की जाळी त्यांना अडवूच शकत नाही. आत जाऊन चिकटतात आणि तिथेच मोठ्या होतात. क्लोरीन सोडून त्यांना आवरावं लागतं. आपल्या शास्त्रज्ञांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी केंद्राच्या गरम पाण्याने मासळीचं काय होईल हा प्रश्न लावून धरला, आणि तो रास्तच आहे. पण समुद्र केंद्राचं काय करेल, हे फारसं कुणी विचारत नाही. जेलीफिशने भरलेलं जड जाळं ज्यांनी हातांची आग होत असताना ओढलंय, त्यांना कुठल्या महिन्यात आणि कुठल्या वाऱ्याला ती किनाऱ्याशी येते हे ठाऊक असतं. त्यांना आंदोलक म्हणून बाहेर उभं करण्यापेक्षा जाणकार म्हणून बैठकीत बसवा. प्रकल्पाची जागा असलेल्या माडबनसमोरच्या समुद्राची महिनावार जैविक नोंद ठेवा आणि ती मराठीत लोकांसमोर मांडा. आणि सहाही भट्ट्यांना पाणी एकाच तोंडातून येणार की वेगवेगळ्या, हे पायाभरणीआधी स्पष्ट सांगा.