तात्पर्य गिळून टाका

महाराष्ट्रातल्या तरुण आईबाबांमध्ये एक वाद वरचेवर उफाळतो. एक पक्ष म्हणतो, इसापनीती, पंचतंत्र आणि आजीच्या गोष्टी असताना ‘राग आला की काय करायचं’ असली रंगीत पुस्तकं हवीत कशाला? ही पाश्चात्त्य थेरं. दुसरा पक्ष अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत हीच पुस्तकं मागवतो. इथे अमेरिकेत राहून पाहिलं तर दोघांचाही नेम चुकतोय असं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे या थेरांवरून अमेरिकेतही भांडणं होतात. एप्रिल २०२२मध्ये फ्लोरिडाच्या शिक्षण खात्याने गणिताची पन्नासहून जास्त पाठ्यपुस्तकं नाकारली. जी कारणं दिली, त्यांत ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’, म्हणजे भावना ओळखायला-सांभाळायला शिकवणं, हेही एक होतं. तेव्हा ‘तिकडे सगळे असंच करतात’ यात काही अर्थ नाही.

दुसरं, इथल्या दुकानांतली भावनांवरची कित्येक पुस्तकं सुमार असतात. लाल पान म्हणजे राग, निळं म्हणजे दुःख, शेवटी सगळे मिठी मारतात. तीन वर्षांचं मूल रंगांच्या जोड्या बिनचूक लावतं आणि पुस्तक मिटताच धाकट्याच्या हातातली गाडी हिसकावतं. इसापाच्या तळाशी छापलेलं तात्पर्य काय किंवा हे काय, दोन्हींत उत्तर मोठ्यांनीच देऊन टाकलेलं असतं. बाकी पंचतंत्र ज्यांना दयाळूपणासाठी हवं आहे त्यांनी ते पुन्हा उघडून पाहावं. विष्णुशर्म्याने ते राजपुत्रांना व्यवहार आणि राजनीती शिकवायला रचलं, आणि त्यात बनवाबनवी भरपूर आहे.

चांगलं पुस्तक कसं ओळखायचं? मॉरिस सेंडाकचं १९६३चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे चित्रपुस्तक घ्या. शब्द साडेतीनशेच्या आत. दंगा करणाऱ्या मॅक्सला आई जेवण न देता झोपायला पाठवते. सुरुवातीला चित्र लहान, भोवती पांढरा समास. मॅक्स कल्पनेत जसजसा घरापासून दूर, अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जातो तसतसं चित्र पसरत जातं आणि धुमाकुळाच्या तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. आई कुठेच दिसत नाही. अखेरीस खोलीत जेवण वाट पाहत असतं, आणि ते अजून गरम आहे एवढंच सांगणाऱ्या पानावर चित्रच नाही. राग वाईट असं कोणी म्हणत नाही, माफीही कोणी मागत नाही. जेवण कोणी ठेवलं, हे मुलाने शोधायचं.

हे शोधणं महत्त्वाचं का, याला आधार आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये दीड-दोन वर्षांची मुलं पालकांसोबत चित्रपुस्तकं बघताना न्याहाळली. जे पालक मुलालाच भावना ओळखायला आणि तिचं कारण सांगायला लावत, त्यांची मुलं वाटून घेण्यात आणि मदतीत पुढे होती. पालकांनी स्वतः भावनांची नावं घेण्याचा तसा संबंध दिसला नाही.

म्हणून वाचायची पद्धत बदला. पहिल्यांदा पुस्तक सलग वाचा, मध्ये एकही प्रश्न नको. दुसऱ्या दिवशी दोन-तीन ठिकाणीच थांबा. मजकुरावर हात ठेवून फक्त चेहरा दाखवा: ‘काय झालंय हिला? तुला कशावरून कळलं?’ मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. सगळ्यात जास्त फसतं ते इथेच, कारण मोठ्यांना शांतता सोसवत नाही. मूल ‘रडतेय’ एवढंच म्हणालं तर ‘हो, रुसून रडतेय, तिला खेळायला घेतलं नाही’ अशी एका वाक्याची भर घाला आणि पान उलटा. तिसऱ्यांदा गोष्ट मूल सांगेल, चुकलं तरी दुरुस्त करू नका. पुस्तक इंग्रजी असलं तरी बोलणं घरच्या भाषेत चालू द्या. इथल्या मराठी घरांत रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं मुलांच्या कानावर पडायला एवढीच जागा उरते.

दोन गोष्टी हमखास बिघडवतात. भांडण झाल्या झाल्या पुस्तक काढलं की मूल ते शिक्षा म्हणून ओळखतं. आणि ‘तूही असंच करतोस ना?’ म्हटलं की ते पुस्तक कायमचं संपलं. मूल स्वतःहून ‘मी पण’ म्हणालं तर ऐकून घ्या, इतकंच.

यादी परदेशातूनच यायला हवी असंही नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ ही पुस्तकं साध्या मराठी घरातली आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट वाचता आणि छापता येतात. टोरंटोच्या एका अभ्यासात (२०१७) चार ते सहा वर्षांच्या मुलांनी वाटून घेण्याची गोष्ट ऐकल्यावर जास्त स्टिकर दिले ते पात्रं माणसं असतानाच, कपडे घातलेले प्राणी असताना नाही. एका अभ्यासावरून ससे-कासवं हाकलू नयेत, पण ओळखीच्या घरातली ओळखीची माणसं हवीत हे पटतं.

परदेशाचा हेवा करायचाच तर सार्वजनिक वाचनालयाचा करावा. रांगतं मूलही पुस्तकं खेचू शकेल अशी खाली ठेवलेली खोकी, एका वेळी डझनावारी पुस्तकं घरी न्यायची मुभा, आणि कित्येक ठिकाणी उशिराचा दंडही आता बंद. आपल्याकडे शाळेला मिळालेली पुस्तकं अनेकदा कपाटात कुलपाखाली राहतात, कारण फाटलं की नोंदवहीत उत्तर शिक्षकांनी द्यायचं. हरवलेल्या-फाटलेल्या पुस्तकांचा ठरावीक वाटा खर्ची टाकायची लेखी मुभा दिली, तर कपाटं उघडायला नव्या योजनेचीही गरज नाही.