काळ्या काचांवर अजून कडक कायदा? आधी मीटर तर आणा

कुठं गुन्हा घडला आणि त्यात काळ्या काचांची गाडी निघाली, की दुसऱ्या दिवशी आमच्या बीडच्या ग्रुपवर एकच मागणी सुरू होते. राज्य सरकारनं कडक कायदा करावा, दंड दहापट करावा, गाडीच जप्त करावी. लाईकही धो धो पडतात. मी भाड्याची गाडी चालवतो, माझा निम्मा जन्म काचेच्या आतच जातोय, म्हणून माझं मत उलटं आहे: दंड वाढवायच्या आधी काचेतून किती प्रकाश जातो ते मोजायचं मीटर पोलिसांना द्या. तेच सविस्तर लिहितोय. शिव्या द्यायच्या असतील तर पूर्ण वाचून द्या.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण निम्म्या लोकांना तोच माहीत नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणजे थोडी गडद काच कायद्याला पहिल्यापासूनच चालत होती. मग एका जनहित याचिकेवर २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. काचेवर वरून चिकटवलेली काळी फिल्म बंद, तिच्यातून कितीही टक्के प्रकाश जात असला तरी बंद. ४ मे २०१२ पासून देशभर लागू. कंपनीतूनच गडद आलेली काच ७० आणि ५० च्या हिशोबात बसत असेल तर चालेल. आणि झेड, झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना सूट.

याचा अर्थ आमच्यासारख्यांच्या भाषेत सांगतो. कंपनीनं बाजूला ५५ टक्के प्रकाश सोडणारी काच बसवून दिली तर गाडी कायदेशीर. मी साध्या काचेवर फिल्म लावून तेच ५५ टक्के आणले तर मी गुन्हेगार. प्रकाश तेवढाच, आत बसलेला माणूस बाहेरून तेवढाच दिसतो, फक्त पैसे कुठं मोजले एवढाच फरक.

आणि पैसे कुणाला मोजता येतात? महागड्या गाड्यांना कंपनीच अशी काच देते जी ऊन अडवते, मागच्या दारांना ओढून घ्यायचे पडदेही देते. आमच्यासारखे घेतात ते खालचं मॉडेल, कारण हप्ता तेवढाच झेपतो. त्याला काच साधी. पण ऊन काही मॉडेल बघून पडत नाही. त्यामुळं दंड दहापट केला तर तो साहेबांच्या गाडीला लागणार नाही, कारण त्यांची काच आधीच पास आहे. तो लागणार टॅक्सीवाल्याला, शाळेच्या व्हॅनवाल्याला, जुनी गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याला.

दहापट हा आकडा मी हवेत बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १,५०० रुपये दंड आहे. काचेतून किती प्रकाश जावा हे केंद्राच्या नियमात आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम २१०अ राज्याला दंड वाढवायचा अधिकार देतं, एकपट ते दहापट. उद्या मुंबईत कुणाच्या मनात आलं तर ५०० चे ५,००० व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून आत्ताच बोलतोय.

आता उन्हाचं. माझं बरंचसं भाडं बीड ते छत्रपती संभाजीनगर. बहुतेक पेशंट असतात. सकाळी निघायचं, दवाखाना उरकायचा, दुपारनंतर परत. ज्यांना हा धुळे-सोलापूर महामार्ग माहीत आहे त्यांनी एकदा डोळ्यासमोर आणा. रस्ता उत्तर-दक्षिण. सकाळी गेवराई, शहागड, पाचोड करत वर जाताना सूर्य पूर्वेला, म्हणजे गाडीच्या उजव्या बाजूला. दुपारी खाली येताना सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजव्याच बाजूला! जाताना-येताना ऊन ड्रायव्हरच्याच अंगावर आणि त्याच्या मागं बसलेल्याच्या. माझा उजवा हात कोपरापासून खाली डाव्यापेक्षा काळा आहे, घड्याळाच्या पट्ट्याची जागा तेवढी गोरी. समोरची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो अतिनील किरणं बऱ्यापैकी अडवतो. बाजूची साधी टफन काच तेवढी अडवत नाही. एसी कितीही वाढवा, वारा थंड लागतो आणि हात भाजतच राहतो.

मे महिन्यात परभणीच्या कृषी विद्यापीठातून तापमानाची बातमी येते, ४२, ४३, कधी त्याच्याही वर. ते सावलीतलं तापमान असतं बरं का. गाडी घंटाभर उन्हात उभी करून स्टिअरिंगला हात लावून बघा, मग मोजा.

कर्करोग रुग्णालयात उपचार चालू असलेल्या एक मावशी माझ्या गाडीतून जायच्या. काही औषधं अशी असतात की त्यांच्यानं कातडीला ऊन सोसवत नाही, डॉक्टरही सांगतात जपायला. मावशींची मुलगी गाडीत बसली की पहिलं काम काय करायची? काच चार बोटं खाली घ्यायची, ओढणी दुहेरी करून तिचा काठ फटीत घालायचा आणि काच वर करायची. पाचोड येईपर्यंत ओढणी निसटायची, मग पुन्हा तेच. आता मला सांगा, ओढणीतून किती टक्के प्रकाश जातो? त्या खिडकीतून मला उजव्या बाजूचं काहीच दिसायचं नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात दर चौथ्या गाडीच्या काचेत पंचा, टॉवेल, ओढणी नाहीतर देवाचं नाव छापलेली काळी जाळी अडकवलेली असते. त्यांना कुणी अडवत नाही. पारदर्शक फिल्म लावलेल्याची मात्र पावती फाटते. बाहेर अमेरिकेत बऱ्याच राज्यांत डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवलं की जास्त गडद काच लावायला परवानगी मिळते. आपल्या नियमात सूट आहे ती झेडला, पेशंटला नाही.

फिल्म म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काळी कुळकुळीत काच येते. तसं नसतं. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते. चांगली फिल्म तीच अडवते आणि उजेड येऊ देते. लांबून बघितलं तर काचेला काही लावलंय हे कळतही नाही. उष्णता अडवायला काळेपणा लागतच नाही. काळी लावतात ते रुबाबासाठी, आणि त्यांचं मी समर्थन करत नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, गुन्हेगारी. मी बीडचा आहे, मला काळ्या गाड्यांचं कौतुक सांगू नका. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांना भर दुपारी रस्त्यात अडवून उचलून नेलं आणि मारलं. त्यानंतर स्कॉर्पिओ दिसली तरी इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, मलाही येतो. पण जरा विचार करा, दिवसाढवळ्या रस्ता अडवणारे लोक काचेमागं लपायच्या फिकिरीत होते का? त्यांना कुणाची भीती नव्हती, हा खरा रोग. तो काच खरवडून बरा होत नसतो. आणि दिल्लीचं आठवा. डिसेंबर २०१२ मध्ये ज्या बसमध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला, तिला गडद काचा होत्या, पडदेही होते. बंदी तेव्हा लागू होऊन सात महिने झाले होते. कायदा होता, तो राबवणारं कुणी नव्हतं. आता दंड दहापट केल्यानं राबवणारा जागा होईल असं वाटत असेल तर तुम्ही लई भोळे आहात. दंड वाढला की नाक्यावरचा ‘मिटवायचा’ भाव तेवढा वाढतो, ड्रायव्हर लोकांना विचारा.

नाक्यावर नेमकं काय होतं तेही सांगतो. एका नाक्यावर माझ्यासमोर एका जुन्या गाडीला थांबवलं. साहेबांनी काचेवर बोटाची टिचकी मारली, डोकं आत घालून बघितलं आणि म्हणाले, काळी आहे. मीटर नाही, काही नाही. तिथंच ब्लेड काढून मागच्या काचेची फिल्म कोपऱ्यातून उचकटली. फिल्म सलग निघाली तर ठीक, पण उन्हानं गोंद चिकटून बसलेला असतो, तिच्या पट्ट्या निघतात, आणि पट्टीसोबत मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, बारीक तारा खरवडून येतात. त्या तारा पुन्हा नीट जोडणं मुश्कील असतं. पावती झाली ती वेगळीच. तो माणूस ‘काका, मोजून तरी बघा’ म्हणत होता. मोजायला होतं काय?

प्रकाश मोजायचं यंत्र असतं, तळहातावर मावेल एवढं. काच मध्ये धरली की आकडा दाखवतं. दारू पिलेला ओळखायला तोंडाचा वास घेऊन केस करत नाहीत, ब्रेथ अॅनालायझर लावतात. मग काचेलाच अंदाजपंचे न्याय का?

रात्रीचा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य. आपल्याकडं साखर कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. बाजूची काच वीस-तीस टक्क्यांची असेल तर वळणावर आडवी आलेली बैलगाडीही दिसायची नाही. म्हणून ५० च्या खाली जाऊच नये या मताचा मी आहे. दुबईत बाजूच्या काचा निम्म्या गडद करायला परवानगी आहे, तिथल्या उन्हाचा विचार करूनच दिलेली. म्हणजे आपल्या नियम १०० मधला ५० चा आकडा वाईट नाहीच. तो कुणी मोजत नाही, एवढीच तक्रार आहे.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. नियम १०० मध्ये बदल झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लास’ सोबत ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला, ज्यात आतून प्लास्टिकचा थर लावलेली काचही बसते. त्याच आधारावर केरळ हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळली असेल तर फिल्म लावलेल्या गाडीवर कारवाई करता येणार नाही. नियम केंद्राचा, म्हणजे कोचीला तोच आणि केजलाही तोच. तरी तिथला ड्रायव्हर हायकोर्टाचा निकाल दाखवू शकतो आणि इथं आमच्या काचेवर ब्लेड चालतं. (तो निकाल वाचून उद्याच फिल्म लावायला पळू नका. आपल्याकडं पोलीस २०१२ चाच निकाल धरून चालतात, पावती तुमच्याच नावावर निघेल.)

तर ज्यांना राज्यानं काहीतरी केलंच पाहिजे असं वाटतं त्यांनी मागणी जरा बदला. केंद्राला लिहून हा घोळ मिटवून घ्या, फिल्म चालते की नाही ते एकदाच स्पष्ट करा. पेशंटला डॉक्टरच्या चिठ्ठीवर सवलत मागा. ब्लेडनं फिल्म काढायची पद्धत बंद करा, सात दिवसांची मुदत द्या, गाडीवाला स्वतः नीट काढून आणेल. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या वाहतूक शाखेला मीटर द्या, पावतीवर आकडा छापा. या शेवटच्या कामाला नवीन कायदा लागत नाही, विधानसभेत गोंधळ घालावा लागत नाही, खरेदीची एक ऑर्डर पुरते.