चाळीस पुशअप म्हणजे हृदयाचा दाखला नव्हे

परवा मामींचा फोन आला. मामांनी साठी ओलांडलीय, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि सकाळी हॉलमध्ये पुशअप मारताना छाती भरून आली तरी थांबायचं नाव घेत नाहीत. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मजकूर: "एका दमात ४० पुशअप मारा, हार्ट अटॅक विसरा! हार्वर्डने सिद्ध केले आहे. छातीत दुखले तरी थांबू नका, ब्लॉकेज मोकळे होत असते. वेग वाढवा. ४० जमले की ईसीजी, स्ट्रेस टेस्टची गरज नाही. पोलीस भरतीतही फिटनेस असाच मोजतात."

यातलं सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो. छातीत दुखलं म्हणजे ब्लॉकेज मोकळं होतं, हे धादांत खोटं आहे. ब्लॉकेज म्हणजे नळात अडकलेला कचरा नव्हे, की जोर लावला आणि वाहून गेला. चरबी आणि कॅल्शियमचा तो थर रक्तवाहिनीच्या भिंतीतच वाढलेला असतो. श्रम वाढले की हृदयाला जास्त रक्त लागतं, अरुंद वाहिनीतून ते पुरत नाही आणि स्नायू प्राणवायूवाचून तडफडतो. ती कळ त्याची असते. तरीही रेटत राहिलं आणि तो थर फाटला, तर तिथे गुठळी होते आणि झटका येतो. कळ छातीतच येते असंही नाही. जबडा, डावा हात, पाठ, दरदरून घाम, मळमळ, काहीही असू शकतं. मधुमेह्यांना तर कधी कधी दुखतही नाही. असं काही वाटलं की तिथल्या तिथे थांबायचं, बसायचं, आणि १०८ ला फोन लावायचा. "बघू थोडा वेळ" म्हणायचं नाही.

आता हार्वर्ड. अभ्यास खरा आहे, २०१९ साली 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले ११०४ अग्निशमन जवान, सगळे पुरुष, सगळे नोकरीत कार्यरत, सरासरी वय चाळिशीच्या आसपास. दहा वर्षांत हृदयविकाराच्या ३७ घटना नोंदल्या गेल्या. दहापेक्षा कमी पुशअप मारणाऱ्यांच्या तुलनेत चाळीसपेक्षा जास्त मारणाऱ्यांमध्ये धोका ९६ टक्क्यांनी कमी दिसला. ट्रेडमिलवरून काढलेल्या दमापेक्षाही पुशअपच्या आकड्याचा संबंध जास्त ठळक निघाला. एवढं मान्य करावंच लागतं. पण पुशअपमुळे हृदय वाचलं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ज्याला चाळीस जमतात तो बहुधा तरुण असतो, सडपातळ असतो, विडी-सिगारेटपासून लांब असतो. शिवाय बायका, म्हातारी माणसं, रोज खुर्चीत बसणारे लोक त्या अभ्यासात नव्हतेच. तो आकडा मामांना लावायचा कसा? आणि त्या जवानांची रीतसर वैद्यकीय तपासणी झाली होती. तपासणी टाळा म्हणणाऱ्याने नेमका तोच अभ्यास पुढे करावा, याचा संताप येतो.

"वेग वाढवा" हेही चूक. त्या अभ्यासात मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर पुशअप मोजले होते, तीन ठोके चुकले की चाचणी बंद. घाईत मारले की कंबर झोळीसारखी लोंबते, कोपरं बाहेर फाकतात, छाती अर्ध्यावरूनच परत येते. असे साठ मारले तरी मोजण्यात अर्थ नाही. तळवे खांद्यांपेक्षा किंचित रुंद, कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांत, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत, खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि मामांसारख्यांना नेमकं तेच नको असतं. साध्या पुशअपमध्ये अंगाचं जवळपास दोन तृतीयांश वजन हातांवर येतं. म्हणजे ७५ किलोचा माणूस सुमारे ५० किलो उचलतो, त्यामुळे जाड आणि बारीक माणसाचा आकडा शेजारी ठेवून उपयोग नाही.

पोलीस भरतीचं म्हणाल तर महाराष्ट्रात शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. पुशअप नाहीत.

मामांना मी सांगितलंय: आधी डॉक्टरांना भेटा, गोळी स्वतःहून बंद करू नका. त्यांनी होकार दिला तर भिंतीला हात टेकून सुरुवात करा, ते सोपं वाटलं की ओट्याला टेकून. सोबत रोज भरभर चालणं. फिटनेस मोजायचाच असेल, तर सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके आणि सहा मिनिटांत किती चाललो, हे वहीत लिहा आणि दर महिन्याला आपल्याच मागच्या आकड्याशी ताडून बघा.