बोट ठेवले की चालते

दुसऱ्यांच्या हिशेबावर बोट ठेवणे हा माझा सव्वीस वर्षांचा पेशा आहे. लेखापरीक्षक म्हणून मी एखाद्या व्हाउचरवर बोट ठेवले की समोरच्या माणसाचे काम तिथल्या तिथे थांबते, असा माझा लौकिक आहे. त्यामुळे मी घरी बनवलेले एक सर्किट जेव्हा नेमके उलटे वागू लागले, म्हणजे मी बोट ठेवले की चालायचे आणि काढले की थांबायचे, तेव्हा आपल्या बोटाला आयुष्यात प्रथमच कुणीतरी विधायक किंमत दिल्याचे समाधान मला लाभले. ते फार टिकले नाही, कारण हे सर्किट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसवायचे होते आणि माझे बोट कायमचे तिकडे पाठवण्याची काही सोय नव्हती.

आमची इमारत पुण्यातली, चार मजली आणि लिफ्ट नसलेली. महापालिकेचे पाणी सकाळी खालच्या हौदात येते आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. टाकी भरल्याचे कळण्याची आमच्याकडे एकच व्यवस्था होती, ती म्हणजे ओव्हरफ्लोच्या पाइपातून पडणारी धार. आणि ही धार उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर पडत असे. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा सचिवांनी बाजारात सहज मिळणारा, तारेला जोडलेला फ्लोटचा स्विच बसवावा असे सुचवले. सूचना शहाणपणाची होती आणि स्वस्तही होती. तेवढ्यात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चार मजले तार कशाला ओढायची? मी वायरलेस करून देतो." सभेने टाळ्या वाजवल्या. पुण्यात फुकट होणाऱ्या कामाला टाळ्या पडतातच, हे मला त्या वेळी आठवायला हवे होते.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आता तपकिरीपेक्षा ट्रान्झिस्टर जास्त विकले जातात. तिथून मी ईएसपी-८२६६ चिप असलेले, टपालाच्या तिकिटाएवढे वायफाय मोड्यूल आणले, मोटारीच्या मागच्या बंपरमध्ये बसवतात तसला पाण्याला न भिणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणला आणि ज्यांची नावे मी वहीत लिहून नेली होती असे मूठभर रेझिस्टर व कपॅसिटर आणले. यातले बरेचसे भाग तिळापेक्षा लहान होते. मी ते जेवणाच्या टेबलावर मांडले, आणि त्याच टेबलावर त्या संध्याकाळी संक्रांतीचे तीळ निवडायला घेतले गेले. रेझिस्टरवर निदान आकडे तरी छापलेले असतात. या जातीच्या कपॅसिटरवर काहीही लिहिलेले नसते, ते फक्त तपकिरी असतात. पुढे दोन कपॅसिटर कमी भरले. त्या वर्षीचा तिळगूळ सगळ्यांनी खाल्ला, कुणाची काही तक्रार आली नाही, म्हणून मीही ते प्रकरण बंद केले.

बोर्ड घरीच करायचा होता. त्याची रीत अशी की सर्किटचा नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा, तो तांब्याच्या पत्र्यावर पालथा ठेवून वरून कडक इस्त्री फिरवायची, म्हणजे कागदावरची काळी भुकटी वितळून तांब्याला चिकटते. मग कागद पाण्यात भिजवून चोळून काढायचा आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. जिथे काळे नाही तिथले तांबे द्रावण खाऊन टाकते आणि उरतात त्या वाटा. गुळगुळीत कागदासाठी मी जुन्या दिवाळी अंकातले सराफाच्या जाहिरातीचे पान वापरले. इस्त्री अर्थातच घरातली एकुलती एक. पालथा घातलेला नकाशा तांब्यावर उलटा उमटतो, याचा हिशेब आधी करावा लागतो, आणि मी तो केला. किंबहुना कोणतीही गोष्ट दोनदा तपासण्याच्या सवयीमुळे दोनदा केला: एकदा नकाशा काढताना आणि एकदा छापण्याचा हुकूम देताना. दोन्ही उलट मिळून सुलट झाले. द्रावणातून बाहेर आलेला बोर्ड अत्यंत सुबक होता, फक्त मोड्यूलचे डावे पाय उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसवावे लागले असते.

दुसरा बोर्ड बरोबर आला. मात्र द्रावण ढवळायला मी स्टीलचा चमचा वापरला होता. फेरिक क्लोराइड तांब्यासारखेच स्टीललाही सोडत नाही, हे त्या चमच्यावर पडलेल्या खळग्यांनी मला शिकवले. आणि ओट्यावर सांडलेल्या चार थेंबांनी चहाच्या रंगाचा जो नकाशा काढला तो माझ्या बोर्डावरच्या नकाशापेक्षा टिकाऊ निघाला. पत्नीने तो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि एवढेच विचारले, "अहो, तो तारेचा स्विच केवढ्याला मिळतो म्हणाले होते सचिव?"

मी सोल्डरिंगला बसलो. वीज पाच व्होल्टची आणि मोड्यूलला हवी तीन पूर्णांक तीन व्होल्टची, म्हणून मधे एएमएस-१११७ नावाचा रेग्युलेटर घातला होता. या रेग्युलेटरला एका अंगाला तीन पाय आणि दुसऱ्या अंगाला एक रुंद पत्री असते. ही पत्री अंग थंड ठेवण्यासाठी असणार, असे मानून मी ती ग्राउंडच्या सर्वांत मोठ्या तांब्याच्या पट्ट्यावर ऐसपैस डाखून टाकली. पत्री अंग थंड ठेवते हे खरेच आहे. पण ती आतून आउटपुटला जोडलेली असते. म्हणजे मी घराची मुख्य नळी काळजीपूर्वक, भरपूर डाख वापरून, थेट गटाराला जोडली होती. बोर्डावरचा दिवा लागला नाही. कुठे काय गरम होते ते पाहण्यासाठी मी बोट ठेवले. कुठे गरम होत होते, ते अचूक कळले.

बोटाला कैलासजीवन लावून मी पत्री सोडवली. दिवा लागला, पण मोड्यूल दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होऊ लागले. लॅपटॉपवर त्याचे म्हणणे वाचावे तर पडद्यावर नुसती भुताटकीची अक्षरे. ही चिप शुद्धीवर येतानाचे पहिले बोलणे ७४,८८० बॉड अशा विक्षिप्त वेगाने बोलते, हे शोधण्यात एक रविवार गेला. तो वेग लावल्यावर कळले की ती तेच ते सुरुवातीचे वाक्य म्हणते आणि गप्प होते, जणू कीर्तनकाराने जयजयकार करावा आणि पूर्वरंगाआधीच माइक बंद पडावा. कारण कळले तेव्हा मला त्या चिपचा कळवळाच आला, कारण ते आमच्या इमारतीचेच दुखणे होते. एरवी ही चिप बेताच्या करंटवर भागवते, पण वायफायवर बोलायला तोंड उघडले की क्षणभर तिची मागणी तीनशे मिलिअँपिअरच्या घरात जाते. आणि त्याच क्षणी माझ्या बारीक वायरीतून येणारा दाब, सकाळी साडेसातला चौथ्या मजल्यावर असतो तसा, कोसळतो. उपायही इमारतीचाच होता: नळाशेजारी भरलेला हंडा ठेवायचा. मोड्यूलच्या अगदी पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि बोलणे सुरळीत झाले. पाण्याची टाकी मोजण्यासाठी आधी विजेची टाकी बांधावी लागली.

यानंतर आला तो बोटाचा अध्याय. एका सकाळी बोर्ड गप्प होता. मी मल्टिमीटर काढला. चिपला एक 'एनेबल' नावाचा पाय असतो. त्याच्यावर तीन पूर्णांक तीन व्होल्ट असतील तरच ती जागी राहते, आणि त्यासाठी तो पाय दहा किलोओहमच्या रेझिस्टरने वरच्या व्होल्टेजला बांधून ठेवतात. मी मीटरची सुई त्या रेझिस्टरवर टेकवली: तीन पूर्णांक तीन. दिवा लागला, पडद्यावर टाकीची पातळी आली. सुई उचलली, बोर्ड मेला. पुन्हा टेकवली, पुन्हा जिवंत. मोजायला जावे तर सर्व काही चोख आणि पाठ फिरवावी की सर्व काही ठप्प. ही लक्षणे मी गेली सव्वीस वर्षे पाहत आलो आहे. लेखापरीक्षक खुर्चीत बसलेला असेपर्यंत प्रत्येक कार्यालयाची रोकड जुळतेच. फरक इतकाच की कार्यालयात मला कारण माहीत असते.

तीन रात्री मी तो बोर्ड हातात धरून बसलो. मी सुई सोडून बोटाने दाबून पाहिले, तरीही चालत असे. "धरून ठेवलं की चालतं," असे मी पत्नीला सांगितले, तेव्हा तिने वर न पाहता म्हटले, "मग तुम्हीच जाऊन बसा टाकीवर. कुरडया तरी वाचतील."

धातूची सुई आणि ओले बोट वीज वाहून नेतात, म्हणून नुसत्या दाबण्याचा परिणाम पाहायचा तर लाकडी काडीने दाबावे, असा विचार करून मी देवघरातून उदबत्तीची विझलेली काडी आणली. दिवे मंद करून, भिंग डोळ्याला लावून, एकेका टाक्यावर मी काडी टेकवीत गेलो. आईने दारातून ते पाहिले आणि काळजीने विचारले, "अरे, आरतीला घंटा आणू का?" एकोणिसाव्या टाक्याला दिवा लागला. त्या रेझिस्टरचे एक टोक तांब्याच्या रुंद पट्ट्यावर होते. रुंद पट्टा सोल्डरिंगची उष्णता पिऊन टाकतो, त्यामुळे वरचा डाख वितळून चमकला होता आणि खालचे तांबे थंडच राहिले होते. डाख त्याच्यावर नुसता बसला होता, चिकटला नव्हता. लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला येई. तो भाता ओढून आधी भांडे तापवी, मग नवसागर टाकी आणि शेवटी कथिलाची कांडी जेमतेम टेकवी. कथिल तापवून थंड पातेल्याला थापताना मी त्याला कधीही पाहिले नव्हते, आणि मी नेमके तेच करीत आलो होतो. पट्टा नीट तापवला, राळेचा धूर निघाला, डाख पाण्यासारखा पसरला. मी बोट काढले. बोर्ड चालत राहिला.

बॅटरीवर घेतल्यावर जे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी बाजू लंगडी आहे. तोच रेग्युलेटर स्वतःची दस्तुरी म्हणून सव्वा व्होल्टच्या आसपास कापून घेतो. पूर्ण भरलेला लिथियमचा सेल देतो चार पूर्णांक दोन, म्हणजे मोड्यूलच्या ताटात पडतात जेमतेम तीन. शिवाय काही काम नसतानाही तो पाचेक मिलिअँपिअर खात बसतो. तो बदलला. मग वीज वाचवण्यासाठी चिपला दोन वाचनांच्या मधे गाढ झोपवायचे ठरवले. ती झोपली. आषाढीला झोपलेले देव निदान कार्तिकीला उठतात. ही उठलीच नाही, कारण तिला उठवणारी तार तिच्या सोळा नंबरच्या पायापासून रिसेटच्या पायापर्यंत आपणच ओढायची असते. सेन्सरचा आवाज पाण्यापर्यंत जाऊन परत येतो म्हणून वेळेला दोनाने भागायचे, हेही माझ्याकडून राहिले होते. त्यामुळे सव्वा मीटर खोलीची टाकी पहिल्या दिवशी अडीच मीटर निघाली, म्हणजे तिचा तळ चौथ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात होता.

शेवटी एका रविवारी सेन्सर टाकीच्या झाकणात बसला आणि डबीबंद बोर्ड टाकीच्या पूर्वेच्या अंगाला, दुपारचे ऊन लागू नये म्हणून. माझा जुना फोन वॉचमन मामांच्या खोलीत ठेवला. पंप सुरू असताना दर दोन मिनिटांनी तो वाजायचा आणि पातळी दाखवायचा. पंचवीस टक्के, चाळीस टक्के, साठ टक्के. सत्तरनंतर फोन गप्प. मी वर धावलो, सर्व टाके काडीने तपासले, काही दोष नव्हता. पाणी उतरले की संदेश पुन्हा येऊ लागत. मुलीने आठवडाभराचे आकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, आपला राउटर पश्चिमेला आहे. तुझ्या डबीच्या आणि राउटरच्या मधे टाकीच आहे की!" वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी शोषून घेते. टाकी रिकामी असली की ती रिकामी असल्याची बातमी उत्तम पोहोचे. भरत आली की पाणी स्वतःच त्या बातमीच्या आड उभे राही.

डबी पलीकडच्या बाजूला न्यायची तर चार मजले जिना आणि पुन्हा सगळे सोडवणे आले. त्याआधीच मामांनी आपली पद्धत बसवली होती. "साहेब, सोपं आहे," ते म्हणाले. "फोन वाजायचा थांबला की दहा मिनिटांनी बटण बंद." महिनाभर एक थेंब ओव्हरफ्लो झाला नाही. सभेत माझे अभिनंदन झाले, आणि वायरलेस यंत्रणा समाधानकारक चालत असल्याची नोंद इतिवृत्तात आहे.

गेल्या बुधवारी सकाळी आईने मिक्सर लावण्यासाठी राउटरची पिन काढली. खाली फोन गप्प झाला, मामांनी घड्याळ पाहून दहा मिनिटांनी पंप बंद केला, आणि साडेआठला चारही मजल्यांवरचे लोक साबण लावलेल्या अवस्थेत मला हाका मारू लागले. मी उदबत्तीची काडी आणि भिंग घेऊन गच्चीकडे पळालो. टाकीवर वाकून तेराव्या टाक्यापर्यंत पोहोचलो असेन, तेव्हा खाली अंगणातून काकूंचा प्रसन्न आवाज आला, "अहो, आज मात्र कुरडया अगदी खडखडीत वाळल्या हो!"