वेब दुर्बिणीने बिग बँग खोटा ठरवलेला नाही

आमच्या नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या सुरुवातीलाच आपल्या आकाशगंगेसारख्या ‘पूर्ण वाढलेल्या’ दीर्घिका सापडल्या, म्हणून बिग बँग खोटा आणि विश्वाचं खरं वय २६.७ अब्ज वर्षं. रमण विज्ञान केंद्रात तारांगण बघून आलेली शाळकरी पोरंही हेच खरं धरून बसली आहेत, याचं मला वाईट वाटतं.

आधी ‘पूर्ण वाढलेल्या’चं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. १२ जुलै २०२२ ला वेबच्या पहिल्या चित्रांबरोबर एका दीर्घिकेचा वर्णपटही (प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड) आला. तिचा प्रकाश १३.१ अब्ज वर्षांपूर्वी, म्हणजे विश्व अगदी तरुण असताना निघालेला. त्यात ऑक्सिजनच्या दोन रेषा मिळाल्या. मुळात एक ४३६.३ नॅनोमीटरची, दुसरी ५००.७ची, विश्व प्रसरत गेल्यामुळे दोन्ही ताणल्या जाऊन चार-पाच मायक्रॉनच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात पोचलेल्या. पहिली रेषा एरवी फारच फिकी असते. ती ठळक दिसली, याचा अर्थ वायू प्रचंड तापलेला. आणि तो तापलेला राहतो, कारण उष्णता बाहेर फेकणारा ऑक्सिजनच तिथे तुटपुंजा आहे. हिशेब केला तेव्हा सूर्याच्या तुलनेत तो जेमतेम काही टक्के भरला. ऑक्सिजन, लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार होतं, त्यासाठी ताऱ्यांच्या पिढ्या जाव्या लागतात. इथे त्या फारशा गेलेल्याच नाहीत.

आकारही बघा. बिग बँगनंतर ३० कोटी वर्षांच्या आतली ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’ ही दीर्घिका साधारण १,६०० प्रकाशवर्षं रुंद आहे. आपली आकाशगंगा एक लाख. ताऱ्यांचं वस्तुमान आपल्या शंभराव्या भागाच्या आसपास.

मेसेजात खरं एवढंच, की या दीर्घिका अपेक्षेपेक्षा तेजस्वी निघाल्या. चिलीतल्या अल्मा दुर्बिणींना २०२५ मध्ये याच दीर्घिकेत अंदाजापेक्षा जास्त ऑक्सिजनही सापडला. कोडं खरंच आहे, पण ते तारे किती झपाट्याने जन्मले याचं आहे.

राहिले २६.७ अब्ज. ते वेबचं मोजमाप नव्हे. ओटावा विद्यापीठाचे राजेंद्र गुप्ता यांनी २०२३ मध्ये मांडलेलं प्रारूप आहे. आपल्या आकाशगंगेतले सर्वांत जुने तारकागुच्छ १२-१३ अब्ज वर्षांचे. विश्व दुप्पट जुनं असतं, तर वीस अब्ज वर्षांचा एखादा तरी गुच्छ दिसायला हवा होता. तसा एकही सापडलेला नाही. बिग बँगनंतरचा उरलेला क्षीण प्रकाश टिपणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांतून निघालेल्या १३.८ अब्ज वर्षांशी मात्र हे गुच्छ नीट जुळतात.