पत्रे चढले, वाचन अडलं

आग्नेय आशियातल्या पूर्व तिमोर या छोट्या देशातल्या शाळा जाळपोळीनंतर कशा सावरल्या, यावरच्या तुमच्या लेखात सगळं श्रेय बांधकामाला दिलंय, ते पटलं नाही. इंडोनेशियापासून वेगळं होण्याच्या कौलानंतर सप्टेंबर 1999मध्ये झालेल्या जाळपोळीत बहुतेक शाळांची राखरांगोळी झाली हे खरं, पण बऱ्याच ठिकाणी भिंती शाबूत होत्या. आधी छपराचे पत्रे, मग बाकं-फळे, संडास-पाणी, रंगरंगोटी शेवटी. पैसा असला की हे होतं.

खरी गोची भाषेची. आधी, इंडोनेशियाच्या ताब्यात असताना, शाळा इंडोनेशियन भाषेत चालायच्या. 2002च्या राज्यघटनेने तेतुम ही स्थानिक भाषा आणि जुन्या वसाहतकारांची पोर्तुगीज अधिकृत झाल्या, शाळेत भर पोर्तुगीजवर. तरुण मास्तर मात्र स्वतः इंडोनेशियनमध्ये शिकलेले. अशा वर्गात मास्तर पोर्तुगीज वाक्य पुस्तकातून फळ्यावर उतरवतो, तेतुममध्ये समजावतो, पोरं ते वहीत नकलतात. वही सुबक भरते, तपासणीला दाखवायला छान! 2009च्या वाचनचाचणीत पहिली संपवणाऱ्या 70 टक्क्यांहून अधिक मुलांना सोप्या उताऱ्यातला एक शब्दही वाचता आला नाही.

पुढे फातालुकू, गालोलेन, बाइकेनू या मातृभाषांतून शिकवण्याचा प्रयोग झाला. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, पण मुंबईत प्रत्येक माध्यमाची लिपी, पुस्तकं आणि डी.एड. झालेले शिक्षक आयते मिळतात. तिमोरमध्ये मात्र फातालुकूत पहिलीचं वाचनसाहित्यच तयार करण्यापासून सुरुवात. त्यात छपाईच्या प्रती थोड्या, म्हणून दर पुस्तकाचा खर्च जास्त.

लेखात पत्र्यांचा खर्च आहे, शिक्षक-प्रशिक्षणाचा एक आकडा नाही. तो का गाळला?